पन्नाशीत हाती आलेला वीस पैलूंचा फासा, आणि मे महिन्यात गाव सोडणारा तिरंदाज

तळ्याकाठची | १८ जानेवारी

बरेच दिवस लिहायचं होतं. शेवटी एक प्रश्न विचारायचा आहे, पण त्याआधी थोडं सविस्तर सांगते, कारण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ इथल्या अनेकांना माहीत नसेल. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन ते काय करतं ते बोलून ठरवतात, आणि जमलं की नाही ते फासा सांगतो.

मुक्काम मॅडिसन, विस्कॉन्सिन, अमेरिका. दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव. स्टेट स्ट्रीटच्या एका टोकाला राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, दुसऱ्या टोकाला विद्यापीठ. मी इथे सतरा वर्षं आहे. नवरा विद्यापीठात, मी एका दवाखान्याचे हिशेब बघते. मुलगा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात शिकायला गेला. माझं वय ५१.

विद्यापीठाच्या गावात वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. बरेचसे भाडेकरार १४ तारखेला दुपारी संपतात आणि नवे १५ला सुरू होतात. मधली एक रात्र अर्धं गाव सामानासकट रस्त्यावर असतं. सोफे, दिवे, कपाटं फुटपाथवर ठेवलेली असतात, हवं त्याने उचलावं. लोक त्याला ‘हिप्पी ख्रिसमस’ म्हणतात. आमच्या घरातलं मोठं लाकडी टेबल तसंच आलंय. सुमारे ५० हजार विद्यार्थी आहेत, दरवर्षी चेहरे बदलतात, पण रस्त्यावर दिसणाऱ्यांचं वय मात्र तेच राहतं. वय वाढतं ते आमचं.

आमच्या इथल्या ओळखी बहुतेक मुलांमुळे झालेल्या. मराठी शाळा, वाढदिवस, पोहण्याचा क्लास. मुलं गेली आणि भेटी गणपती-दिवाळीपुरत्या उरल्या. कुणाशी वाकडं आलं नाही. फक्त भेटायला कारण उरलं नाही. संध्याकाळी सहा वाजता घर इतकं शांत असायचं की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा.

मागच्या सप्टेंबरात भाच्यासाठी खेळ आणायला एका दुकानात गेले. तिथे टेबलाभोवती पाच-सहा जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत होते. मी उभी राहून ऐकत राहिले, दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी. पुढच्या आठवड्यात एका टेबलावर बसले. तिथे एक गृहस्थ माझी पाळी आली की “तुमचं पात्र आता असं करेल” म्हणून मोकळे व्हायचे. दोनदा गेले, मग सोडलं. हे मुद्दाम लिहितेय. पहिलं टेबल वाईट निघालं म्हणून खेळ वाईट नसतो.

दुसरं टेबल मिळालं ते अजून आहे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, इतिहास शिकणारी वीस वर्षांची मुलगी. खेळणारे आम्ही चौघं: शहर बसचे एक चालक, वय ५८. रात्रपाळी करणारी एक नर्स. तळ्यांच्या विज्ञानात पीएचडी करणारा एक मुलगा. आणि मी. नोव्हेंबरपासून दर गुरुवारी आमच्याच घरी, त्याच टेबलावर जमतो.

माझं पात्र म्हणजे डोंगरात राहणाऱ्या बुटक्या खाणकरी लोकांतली एक पुजारीण. नाव गोदा. माझं आजोळ नाशिकचं. सगळे नीट ‘गोदा’ म्हणतात, ‘द’सुद्धा बरोबर काढतात.

दुसऱ्याच बैठकीत आम्ही नदीकाठी पोचलो. नावाड्याने पाच माणसांचे (चौघं आम्ही, एक वाटाड्या) बारा रुपये, म्हणजे चांदीची नाणी, मागितले. बाकीचे द्यायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा. संध्याकाळ झालीय, एवढ्या उशिरा या काठाला दुसरं गिऱ्हाईक येणार नाही, तुला घरी तर जायचंच आहे, नाव रिकामी नेण्यापेक्षा आम्हाला सात रुपयांत ने. पंचवटीच्या भाजीबाजारात आजी जशी बोलायची तशीच बोलले, इंग्रजीत. डीएमने फासा टाकायला सांगितलं. वीस पैलूंच्या फाशावर १३ आले, त्यात गोदाच्या बोलण्यातल्या कौशल्याचे ५, झाले १८. पंधरा पुरेसे होते. सात रुपयांत पार झालो, आणि नावाड्याने वाटेत पलीकडच्या गावातल्या तापाची बातमी दिली, जी आमच्या पुढच्या दोन महिन्यांच्या कथेचं मूळ ठरली. त्या मुलीने नावाड्याचं नावही ठरवलं नव्हतं. ते तिथेच ठरलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको, किंवा ‘बिलिंगवाल्या’ होते. मला येणाऱ्या एखाद्या गोष्टीने पाच माणसांची गोष्ट वळली, असं फार दिवसांनी झालं.

आता प्रश्न. तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलाचा प्रबंध संपत आलाय. मेमध्ये तो ओरेगनला नोकरीसाठी जाणार. त्याचं पात्र ऑरिन नावाचा तिरंदाज आहे, जो सुरुवातीपासून गोदाच्या बरोबर आहे. डीएमने आम्हाला विचारलंय की ऑरिनचं काय करायचं. तुमच्यापैकी कुणी खेळत असाल तर तुम्ही काय करता?

---

कुडाळकर_आबा | १८ जानेवारी

ताई, हा खेळ मी कधी बघितलेला नाही, पण तुमचं वर्णन वाचून उठून बसलो. हे आमचं दशावतार आहे हो! ‘दशावतारी नाटकाक लिवलेला पुस्तक नसता’, आमच्या वडिलांचं वाक्य. रात्री पारावर बसून आख्यान ठरतं, कुणाला कुठली भूमिका ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या. समोरचा राजा काय बोलेल हे मला माहीत नाही, त्याने जे बोललं त्यावर मी बांधायचं. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की रोज नवं गाव, नवं आख्यान. मी बावीस वर्षं पेटी वाजवली.

तुमच्या नावाड्यासारखी माणसं आमच्याकडे रोज जन्मतात. एकाने सहज ‘तुझो भाव खंय गेलो?’ विचारलं की झालं, भाऊ आख्यानात आला.

---

शनिवारपेठ | १९ जानेवारी

लेख आवडला. मी ५४, बँकेतून मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमच्या सोसायटीत पत्ते खेळणारे पाच जण आहेत, त्यांना घेऊन हे सुरू करता येईल का? इंग्रजीत खेळायची आमची तयारी नाही. वाचू शकतो, पण रागावणं आणि घासाघीस करणं मराठीतच जमेल. पुस्तकं महाग दिसतात. किमान काय लागतं?

---

रानजाई | १९ जानेवारी

मनापासून विचारते, राग मानू नका. पन्नाशीनंतर माणसाने थोडं आवरतं घ्यावं, समाजासाठी वेळ द्यावा, असं मला वाटतं. दर आठवड्याला चार तास कल्पनेतल्या नदीवर घालवणं हे एकटेपणावरचं औषध आहे की त्याच्यापासून पळणं? माझ्या भावाला मोबाइलवरच्या खेळांचं व्यसन लागलं होतं. घराने खूप सोसलं, म्हणून विचारते.

---

तळ्याकाठची | १९ जानेवारी

@रानजाई, राग कसला. भावाचं वाचून वाईट वाटलं. माझ्यापुरतं सांगते. हा खेळ एकटीला खेळताच येत नाही. पाच माणसं एका खोलीत आली नाहीत तर गुरुवार होत नाही. डिसेंबरात नर्सची आई गेली तेव्हा बसचे चालक तिला विमानतळावर सोडायला गेले, मी आठवडाभर तिच्या मांजराला खायला घातलं. सतरा वर्षांत माझ्याकडे ज्या घराची किल्ली आली असं हे मुलांच्या ओळखीबाहेरचं पहिलंच घर.

@शनिवारपेठ, लागतं फार थोडं. एक फाशांचा संच: ४, ६, ८, १०, १२ आणि २० पैलूंचे फासे. कागद, पेन्सिल. नियमांचा गाभा फुकट मिळतो. जानेवारी २०२३मध्ये पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, म्हणजे श्रेय देऊन कुणीही त्याचं भाषांतर करू शकतं, छापू शकतं. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये झालंय. मराठीत करायला तुम्हाला कुणाची परवानगी नको.

पहिली बैठक खेळायचीच नाही. त्याला ‘सेशन झिरो’ म्हणतात. कशा प्रकारची गोष्ट हवी, काय अजिबात नको, किती वाजता संपवायचं, हे बोलायचं. आमच्याकडे नर्सने सांगितलं की लहान मुलांचं आजारपण गोष्टीत नको, तिला ते कामावर रोज दिसतं. डीएमने ते पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तापाच्या गावात एकही मूल आजारी नव्हतं, आणि ते का नव्हतं, याचंच पुढे रहस्य झालं.

---

गणितमास्तर | २० जानेवारी

नवख्यांसाठी थोडं गणित, कारण ते सुंदर आहे. तळ्याकाठच्या ताईंना १५ गाठायचे होते आणि हातात ५ होते, म्हणजे फाशावर १० किंवा जास्त. वीसपैकी अकरा शक्यता, ५५ टक्के. आता समजा परिस्थिती अनुकूल म्हणून दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा मिळाली. दोन्ही फासे चुकायची शक्यता ०.४५ × ०.४५, म्हणजे सुमारे २० टक्के. यश ८० टक्के. बेरजेत भर न घालता नुसता दुसरा फासा देऊन एवढा फरक. मधल्या आकड्यांना तो सर्वांत जास्त जाणवतो, टोकाला कमी: वीसच यायला हवे असतील तर ५चे पावणेदहा टक्के होतात.

दुसऱ्या घराण्यातले खेळही आहेत. २०१०मध्ये आलेल्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये दोन साधे फासे. बेरीज ६ किंवा कमी तर गोष्ट बिघडते, १० किंवा जास्त तर मनासारखं, आणि ७ ते ९ आले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं. हातात काहीच अधिक नसेल तर या मधल्या निकालाची शक्यता ३६त १५. मला हेच जास्त आवडतं. माझ्या वर्गात मी शक्यता शिकवताना हेच वापरतो, मुलं स्वतःहून तक्ता काढतात.

---

बर्फातला_पाहुणा | २१ जानेवारी

मिनियापोलिसहून. मी १९९८पासून खेळतो. ताई ज्या भागात राहतात तिथेच हे सगळं जन्मलं, ते सांगायला हवं. १९६९मध्ये आमच्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली यांनी सैन्यांच्या युद्धखेळात एक बदल केला: प्रत्येक खेळाडूला एकेका माणसाची भूमिका दिली, कुणी महापौर, कुणी बँकर. डेव्ह आर्नसन त्या टोळक्यातले. त्यांनी पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचं जग रचलं, ज्यात तीच पात्रं पुन्हा पुन्हा येतात आणि अनुभवाने मोठी होतात. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्स यांनी त्याला नियमांचं रूप दिलं. १९७४मध्ये पहिली आवृत्ती निघाली, एक हजार प्रती. गायगॅक्स तेव्हा ३५ वर्षांचे, विम्यातली नोकरी गेलेले, जोडे दुरुस्त करून घर चालवणारे. @रानजाई, त्यांनाही बहुधा कुणीतरी आवरतं घ्यायला सांगितलं असेल.

आपल्याला जवळचं असं आणखी एक नाव आहे, आणि ते पूर्ण सांगतो. एम. ए. आर. बार्कर. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक. त्यांनी लहानपणापासून मनात बाळगलेलं ‘टेकुमेल’ नावाचं जग १९७५मध्ये खेळ म्हणून छापलं गेलं, वयाच्या पंचेचाळिशीत. त्यात किल्ले आणि सरदारांचा युरोप नव्हता. लिपी आणि व्याकरणासकट रचलेल्या भाषा होत्या, कुळं, मंदिरं होती. मी विद्यार्थी असताना त्यावर जीव टाकला. मग २०२२मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच मान्य केलं की बार्कर यांनी टोपणनावाने नाझी विचारांची भलामण करणारी कादंबरी लिहिली होती. माझ्या कपाटातली ती पुस्तकं मी फेकली नाहीत, पण त्या जगात परत खेळलोही नाही. नव्या माणसाला ते नाव सांगताना दोन्ही सांगतो.

ऑरिनबद्दल: मी तीनदा असा प्रसंग पाहिलाय. पात्राला शूर मरण देऊ नका. ते सोपं वाटतं, पण मग शेवटची बैठक निरोपाऐवजी सुतकाची होते आणि खेळाडूला नंतर सुट्टीत परत यायची वाट राहत नाही.

---

कुडाळकर_आबा | २१ जानेवारी

मरण नको, हे माझंही मत. आमच्याकडे वय झालेली स्त्रीपार्टी साडी उतरवून घरी बसत नाही. दुसरी भूमिका घेते, किंवा पडद्यामागे नव्या पोराला पदर कसा घ्यायचा ते शिकवते. नाटक तेच राहतं, माणसाची जागा बदलते. तुमच्या तिरंदाजाला जागा बदलून द्या.

---

शनिवारपेठ | २ फेब्रुवारी

शब्दांची यादी सुरू केली आहे, मत द्या. डीएम = सूत्रधार (यावर वाद नसावा). हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो = जीवबळ. आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती अवघड = चिलखतांक. सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचायला टाकायचा फासा = सावरफासा. इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कुणाची पाळी आधी = पहिला हात. अॅडव्हान्टेज, म्हणजे मास्तरांनी समजावलेले दोन फासे = झुकतं माप. उलट असेल तेव्हा उणं माप. कॅरेक्टर = पात्र की सोंग, इथे अडलोय. सौ. म्हणतात ‘सोंग’ म्हणजे ढोंग वाटतं.

---

कुडाळकर_आबा | २ फेब्रुवारी

वहिनींना सांगा, आमच्याकडे सोंग म्हणजे ढोंग नव्हे. गणपतीचं सोंग येतं तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडतात. समोर कोण आहे ते त्यांना ठाऊक असतं, सकाळी त्याच माणसाकडून त्यांनी नारळ घेतलेले असतात. तरी हात जोडतात. सोंगच ठेवा.

---

गणितमास्तर | ३ फेब्रुवारी

‘झुकतं माप’ अप्रतिम. मी उद्यापासून वर्गात हेच वापरणार. ‘चिलखतांक’ जड होतोय, नुसतं ‘चिलखत १५’ म्हणा.

---

रानजाई | ५ फेब्रुवारी

यादी वाचतेय. लहानपणी दिवाळीत आम्ही किल्ला करायचो, मातीचे मावळे आणून पायऱ्यांवर मांडायचो. भाऊ प्रत्येक मावळ्याला नाव द्यायचा आणि रात्री कोण पहाऱ्यावर आहे ते ठरवायचा. त्यासाठी आम्ही कंदिलाखाली बसून राहायचो. हे त्याच्या जवळचं आहे का? असेल तर भावाला सांगून बघेन.

---

बर्फातला_पाहुणा | ५ फेब्रुवारी

@रानजाई, अगदी जवळचं. लहान पुतळ्यांच्या लढाईच्या खेळातूनच हा निघाला. रात्री पहाऱ्यावर कोण, हा प्रश्न आम्ही आजही प्रत्येक मुक्कामाला विचारतो.

---

तळ्याकाठची | १७ मे

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. परवा ऑरिनची शेवटची बैठक झाली.

आबांचं ‘जागा बदलून द्या’ मी डीएमला सांगितलं होतं. दशावतार म्हणजे काय हे सांगण्यातच अर्धा तास गेला, मग तिने वहीत लिहून घेतलं. पण जागा कुठली, ते त्या मुलानेच सुचवलं.

तो चार हिवाळे मेंडोटा तळ्याच्या बर्फावर जाऊन जाडी मोजतोय. या तळ्याच्या गोठण्या-वितळण्याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून आहेत. त्याच्याकडूनच कळलं की तळं गोठलं हे ठरवायची जुनी कसोटी अशी: पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत नाव वल्हवत नेता येते का. नेता येत नसेल तर गोठलं. सतरा वर्षं मी त्या काठावर फिरायला जाते आणि हे मला चार वर्षं राहून निघालेल्या मुलाने सांगितलं. इथे असं नेहमी होतं.

तर परवा आम्ही तापाच्या गावाहून परत त्याच नदीवर आलो. नावाडी थकला होता, खोकत होता, वल्हं हातात धरवत नव्हतं. पलीकडे घंटा वाजत होती, कुणीतरी वाट बघत होतं. ऑरिनने धनुष्य काढून नावेच्या तळाशी ठेवलं आणि वल्हं घेतलं. म्हणाला, मी थांबतो, नदी कधी गोठते ते कुणीतरी बघायला हवं.

त्याने फासा मागितला नाही, डीएमनेही टाकायला सांगितला नाही. बसचे चालक उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मग डीएमने माझ्याकडे बघून विचारलं, “गोदा, नाव काठाला लागली. ऑरिन हात पुढे करतो. भाडं किती देतेस?”

मी बारा रुपये दिले.

---

शनिवारपेठ | १८ मे

ताई, इथे आम्ही दोघांनी मोठ्याने वाचलं. येत्या रविवारी आमची पहिली बैठक आहे. पाच जण, आणि सहाव्या सौ., सूत्रधार म्हणून. सोंगांची नावं ठरली आहेत. एका प्रश्नावर गाडी अडली आहे: पहिल्या पातळीच्या पुजाऱ्याने जखम भरायचा मंत्र दिवसात किती वेळा वापरायचा?

---

तळ्याकाठची | १८ मे

पहिल्या पातळीला अशा मंत्रांसाठी दिवसात दोन संधी. रात्रभर नीट झोप झाली की दोन्ही परत मिळतात. दोन्ही सुरुवातीलाच संपवू नका, एक कुणासाठी तरी राखून ठेवा. आणि रविवारचा वृत्तांत इथे लिहा, गुरुवारी आमच्या टेबलावर वाचून दाखवेन.